समास सोडून लिहा

कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तिच्यावरचा आमचा पेपर चाळीस मिनिटांत परत आला.

दुपारी दोनच्या सुमाराला विद्यार्थिनीनं सबमिटचं बटण दाबलं. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा सांगितला. चहावाला रिकामे कप न्यायला आला तेव्हा जर्नलचा मेल येऊन पडला होता. चाळीस मिनिटांत आमचं काम वाचून ते फेटाळणारा विद्वान या पृथ्वीतलावर आहे, या कल्पनेनं घटकाभर धन्यच वाटलं. मेल उघडला तर काम कोणी वाचलंच नव्हतं. ओळींचे आकडे दर पानावर नव्यानं एकपासून सुरू होत होते. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग हवेत. समास एक इंच होता; तो अडीच सेंटिमीटर हवा. आणि 'हायलाइट्स' नावाची जी तीन ते पाच वाक्यं द्यावी लागतात, त्यांतलं तिसरं ८५ अक्षरांत बसायला हवं होतं, ते ९१ अक्षरांचं झालं होतं. मोकळ्या जागा धरून.

एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. म्हणजे समासाच्या बाबतीत आमचं चुकलं ते खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढं.

कारवी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सह्याद्रीच्या उतारांवर माजणारं हे झुडूप. वर्षानुवर्षं नुसती पानं. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, बी धरतं, आणि अख्खं रान वाळून मरतं. ते मेल्यावर मातीत स्फुरद किती परत येतो, एवढाच आमचा साधा प्रश्न. मागच्या बहराच्या वेळी माझ्याकडे प्रश्न होता, विद्यार्थी नव्हता. या बहराला दोन्ही जुळून आलं. पोरीनं दोन पावसाळे पायाच्या जळवा काढल्या. जळवा निदान मीठ लावलं की सुटतात. जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' मिठालाही दाद देत नाहीत.

शाळेत पत्रलेखनाचा प्रश्न पाच मार्कांचा असायचा. मायना बरोबर, तारीख उजव्या कोपऱ्यात, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' ठरल्या जागी, खाली 'आपला आज्ञाधारक' नीट ऱ्हस्वदीर्घासह, की निम्मं काम झालं. मराठीचे सर मधला मजकूर वाचतच नाहीत असा वर्गाला दाट संशय होता. एकानं खात्री करून घ्यायची ठरवली. वर 'तीर्थरूप बाबांस', खाली 'आपला आज्ञाधारक', आणि मध्ये सतराचा पाढा. पाचापैकी तीन पडले. जर्नलची 'तांत्रिक तपासणी' म्हणजे आमचे तेच सर. फरक एवढाच, की सर न वाचता पास करायचे.

बरं, या प्रकाराचं मूळ चांगलंच होतं. टाइपरायटरच्या दिवसांत एकानं नाकारलेला लेख दुसऱ्याकडे पाठवायचा तर त्या दुसऱ्याच्या तऱ्हेप्रमाणे तो पुन्हा बडवून काढावा लागे. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे मूठभर संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले आणि म्हणाले, बाबांनो, सगळ्यांचं मिळून एक काय ते ठरवू या. पुढच्या वर्षी त्यांचे सामाईक नियम छापून आले. मजकुरात नुसता आकडा आणि शेवटी आकड्यांच्या क्रमानं यादी, ती 'व्हँकूव्हर पद्धत' म्हणतात ती हीच. लेखकाचा आणि टायपिस्टचा जीव जरा हलका व्हावा, एवढा सज्जन हेतू. आज झोटेरो नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरात संदर्भ लावायच्या दहा हजारांवर पद्धती आहेत. त्यांतल्या पुष्कळांची नावं तेवढी वेगळी आणि नियम एकच, हे कबूल. तरी एकाचे दहा हजार म्हणजे मारुतीच्या शेपटीनंही हात टेकावेत. वर्षाला कंस, की स्वल्पविराम? खंडाचा आकडा ठळक, की तिरपा? पानांच्या आकड्यांमधली रेघ आखूड, की किंचित लांब? ती किंचित लांब रेघ कीबोर्डावर नाही. ती मिळवायची विद्या पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत, आणि खरं तर तीच शिकवायला हवी.

२५ एप्रिल १९५३च्या 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर आला. जेमतेम पानाहून थोडा अधिक मजकूर, सहा संदर्भ, एक आकृती. टाइप करून दिला वॉटसनच्या बहिणीनं, आकृती काढली क्रिकच्या बायकोनं. आपल्याकडे पापड-लोणच्यांचा गृहोद्योग याहून जास्त माणसं लावून चालतो. आज त्या दोघांना आधी सारांशाचं चित्र म्हणजे ग्राफिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागितला असता. मग आकृती तीनशे डीपीआयची नाही म्हणून क्रिकबाईंना पुन्हा बसवलं असतं. आइनस्टाइनचा सापेक्षतेवरचा १९०५चा पेपर घ्या. त्यात संदर्भांची यादीच नाही, एकही नाही. आमच्या कॉलेजच्या संशोधन समितीपुढे हा पेपर आला असता तर 'लिटरेचर रिव्ह्यू कमकुवत' असा शेरा ठरलेला होता.

संदर्भ भरपूर दिले म्हणजे ते खरे असतात असं नाही, हे सिद्ध करण्याचा मान मात्र आपल्या माणसाचा आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९३०-३१च्या सुमाराला अलीगढला गणित शिकवत होते. तिथे आंद्रे वेल हा फ्रेंच गणिती त्यांचा सहकारी होता. त्याच्या चिथावणीवरून कोसंबींनी एका पेपरात बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला ठोकून दिला. एका सहकाऱ्याची जिरवायची होती म्हणे. अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या बुलेटिननं तो पेपर छापला. पुढे फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांच्या एका मंडळानं तेच नाव घेतलं आणि त्या नावावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. आता आमच्या संदर्भ क्रमांक २३ मध्ये पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम पडला होता. तो पकडला गेला. बूर्बाकी सुटला.

पण या क्षेत्रातला माझा खरा आदर्श एक सयामी मांजर आहे. १९७५ची गोष्ट. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात जॅक हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं हीलियमवरचा पेपर एकट्यानं लिहिला, पण सवयीनं सगळीकडे 'आम्ही' असं लिहून बसला. एका सहकाऱ्यानं सांगितलं, लेखक एक असेल तर जर्नल हा 'आम्ही' चालवून घेत नाही. संगणक नव्हता, सगळे 'आम्ही' शोधून 'मी' करायचे म्हणजे पेपर पहिल्यापासून पुन्हा टाइप करणं आलं. हेदरिंग्टननं मजकूर जसा होता तसा ठेवला आणि लेखक वाढवला. त्याच्या मांजराचं नाव चेस्टर. मांजराच्या लॅटिन नावाची आद्याक्षरं, मग चेस्टरचं, आणि आडनाव म्हणून त्याच्या बोक्या बापाचं नाव. झाले एफ. डी. सी. विलार्ड. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'नं पेपर छापला. पुढे काही प्रतींवर दुसऱ्या लेखकाची सही म्हणून पंजाही उमटवला गेला. फॉरमॅटिंगच्या इतिहासात एवढं कमी कष्टाचं आणि एवढं निर्दोष उत्तर दुसऱ्या कोणी काढल्याचं मला ठाऊक नाही.

लेखकांची संख्या हा वेगळाच विषय आहे. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनचं वस्तुमान सांगणारा पेपर निघाला. लेखक ५,१५४. एकूण ३३ पानं, त्यांतली २४ पानं नावं आणि संस्था. आमच्या लग्नपत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली धरूनही पानाची मागची बाजू पुरते.

आता खुद्द पेपराच्या आधी जो जामानिमा लागतो तो बघा. नावगाव असलेलं पहिलं पान वेगळं, नावगाव पुसलेला पेपर वेगळा. संपादकाला कव्हर लेटर, ज्यात हे संशोधन याच जर्नलच्या वाचकांना किती आवडेल हे सांगायचं. मागच्या महिन्यात दुसऱ्या जर्नलच्या वाचकांना ते तेवढंच आवडणार होतं. हितसंबंध नसल्याचा जाहीरनामा. माहिती कुठे ठेवली आहे त्याचा जाहीरनामा. चौदा भूमिकांच्या यादीतून कोणत्या लेखकानं कोणती वठवली त्याचा तक्ता. पेपर कोण तपासू शकेल अशा चार परक्या विद्वानांची नावं, संस्थेच्या ईमेलसह. जीमेल चालत नाही. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे नुसत्या नमनालाच घाणा लागतो.

त्यात आमची देशी फोडणी वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमानुसार आधी छापलेल्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, त्यापुढे पायरीपायरीनं शिक्षा. वाङ्मयचौर्य थांबायलाच हवं, त्यात वाद नाही. पण आम्लधर्मी मातीतला स्फुरद ब्रे आणि कुर्ट्झ यांच्या १९४५च्या पद्धतीनं मोजतात, आणि ती कृती चकलीच्या भाजणीसारखी ठरलेली आहे. ती मी माझ्या मागच्या पेपरात लिहिली, त्याआधीच्यातही लिहिली. या खेपेला साम्य मोजणारं सॉफ्टवेअर म्हणालं, तुम्ही तुमच्यासारखेच लिहिता. मग बसलो शब्द फिरवत. 'हलवलं' होतं त्याचं 'ढवळलं' केलं. हे काम यंत्राकडे सोपवणाऱ्यांचं काय होतं ते २०२१ मध्ये गियोम काबानाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. छापून आलेल्या पेपरांमध्ये 'कृत्रिम बुद्धिमत्ते'ची 'बनावट शुद्ध' झालेली त्यांना सापडली. समास तिथेही चोख असणार.

हा सगळा वेळ जातो कुणाचा? २०१९ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये एक पाहणी आली. काही शे संशोधकांना विचारलं, नुसत्या मांडणीवर किती वेळ जातो? मधला आकडा निघाला पेपरमागे चौदा तास, माणशी वर्षाला बावन्न. हे काम आम्ही फुकट करतो. पेपर तपासणारे फुकट तपासतात. आणि तो सर्वांना खुला ठेवायचा तर वर पैसे आम्हीच भरायचे. 'नेचर'नं २०२० मध्ये त्यासाठीचा दर जाहीर केला: ९,५०० युरो. तेव्हाच्या भावानं आठ लाखांहून जास्त. एवढ्यात आमच्या गावाकडे लग्न होतं, मांडवासकट.

काही प्रकाशक सुधारलेत, हेही सांगायला हवं. पहिल्या खेपेला पेपर हवा तसा पाठवा, स्वीकारला तर मग आमच्या साच्यात घाला, असं ते म्हणतात. एल्सव्हियरनं याला 'तुमचा पेपर, तुमच्या पद्धतीनं' असं नावही दिलं. शहाणपणाची गोष्ट आहे. मुलगी पसंत पडायच्या आधीच हॉल बुक करा असं कोणी सांगत नाही.

मांडणी म्हणजे नुसता सोपस्कार, असंही मी म्हणणार नाही. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी होती. एक्सेलमध्ये ती टाकली की एक्सेल त्यांचं १ मार्च आणि २ सप्टेंबर करून मोकळं होई. २०१६ मध्ये कोणीतरी हे मोजलं: जनुकांची यादी एक्सेलमध्ये जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांश पेपरांत असल्या तारखा निघाल्या. संपादक, परीक्षक, लेखक, सगळ्यांच्या नजरेखालून गेलेल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं हात जोडले आणि जनुकांचंच बारसं पुन्हा केलं. एक्सेलमध्ये ही खोड बंद करायची सोय २०२३ मध्ये आली. तोवर माणसाच्या जनुकांनी नावं बदलून जुळवून घेतलं होतं. घरात नव्या सुनेकडून असते तशी अपेक्षा.

तर आमचा पेपर. पहिल्यांदा परत आला तो समासावरून. दुसऱ्यांदा आला तो फाँटवरून: सगळा मजकूर टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट. तिसऱ्यांदा तक्त्यांवरून. तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आता मी गेटसमोरच्या दादाकडे जाते."

विद्यापीठाच्या गेटसमोर असली चार-पाच दुकानं असतातच. काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं, स्पायरल, झेरॉक्स, आणि बाहेर पाटी: 'थिसिस सेटिंग करून मिळेल'. तिथला दादा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मीही बरोबर गेलो. पीएचडीचा गाईड आहे, निदान बाजूला उभं राहावं. त्यानं फाइल उघडली आणि उलट्या 'पी'सारखं दिसणारं एक बटण दाबलं. पडद्यावर पानभर मुंग्या पसरल्या. मी जिथे जिथे स्पेसबार दाबला होता तिथे एकेक ठिपका.

"सर, टेबल स्पेसबारनं लावलंय?"

"मग कशानं लावतात?"

त्यानं उत्तर दिलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं, विद्यार्थिनीकडे एकदा बघितलं आणि तिला बसायला स्टूल दिलं. मग वीसेक मिनिटं त्याची बोटं चालली. रेघा जागेवर आल्या, आकडे दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह असे शिस्तीत उभे राहिले. मी पंख्याखाली उभा राहून आयुष्यातली तीस वर्षं मोजत होतो. मध्येच तो थांबला.

"सर, वरच्या टेबलात नुसता एम आहे. खालच्यात तो शेपटीवाला यू आहे. सगळीकडे कुठला ठेवू?"

मी पुढे झालो. चष्मा वर केला. चष्मा खाली केला.

माझ्या जमान्यात म्यू काढायचा तर सिंबॉल नावाचा फाँट निवडून एम दाबायचा. पडद्यावर म्यू दिसायचा. वरचा तक्ता मी केला होता. जर्नलनं सगळा मजकूर टाइम्स न्यू रोमन मागितला, तेव्हा मी आज्ञाधारकपणे सगळा मजकूर निवडून एका फटक्यात फाँट बदलला. त्यासरशी माझे सगळे म्यू सोंग टाकून एम झाले. खालचा तक्ता विद्यार्थिनीचा; तिनं खरा म्यू घातला होता, तो टिकला. म्हणजे एका तक्त्यात ग्रॅमभर मातीत बारा मायक्रोग्रॅम स्फुरद होता आणि दुसऱ्यात बारा मिलिग्रॅम. हजारपट. बारा मिलिग्रॅम म्हणजे शेणखताहूनही जोरदार माती. तो पेपर छापून आला असता तर कारवीचा डोंगर लोकांनी पोत्यात भरून नेला असता.

हे मी वाचलं होतं, चार वेळा. सहलेखक दोघं आहेत, त्यांनी 'उत्तम झालंय' असं कळवलं होतं. फाँट बदलल्यानंतर जर्नलनं एकदा तपासून परतही पाठवलं होतं.

"शेपटीवाला," मी म्हणालो. "सगळीकडे."

"मग फाइंड-रिप्लेस नको, सर. 'मिलिलिटर'मधले एमपण शेपटी लावून बसतील. हातानं करतो."

पानाला पंधरा रुपये, चौतीस पानं. पाचशे दहा झाले, त्यानं पाचशे घेतले. शेपटीचे वेगळे लावले नाहीत.

घरी येऊन मी चौदा भूमिकांचा तक्ता पुन्हा उघडला. संकल्पना आहे, पद्धती आहे, निधी मिळवणं आहे, देखरेख आहे. माझ्या नावापुढे देखरेख आहे. एम आणि म्यू ओळखण्याची भूमिका नाही. सहलेखक म्हणून नाव टाकायचं तर संस्थेचा ईमेल हवा, आणि दादाचा जीमेल आहे. विलार्डसाहेबांना कोणी ईमेल विचारला नव्हता, पण ते १९७५ साल होतं. शेवटी विद्यार्थिनीनं आभाराच्या परिच्छेदात त्याचं नाव घातलं आणि सांगायला दुकानात गेली.

"चालेल की ताई," तो म्हणाला. "फक्त छापायच्या आधी स्पेलिंग एकदा मला दाखवा."